बालपरिचारिका आणि व्यावसायिक पत्रांची निवड

लंडन येथे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर मुलांचे रुग्णालय १८५२ मध्ये निघाले. तथापि त्या शतकाच्या अखेरीस बालशुश्रूषेत नव्याने पडणाऱ्या परिचारिकेस वाचावयाचे पत्र निवडावे लागे ते सर्वसाधारण परिचर्येच्या पत्रांतूनच. आणि ही निवड केवळ ज्ञानाची नव्हती. परिचारिकांची शासकीय नोंदणी असावी की नसावी, या वादाने पत्रांत दोन तट पडले होते. हेन्री बर्डेट यांचे ‘द हॉस्पिटल’ नोंदणीच्या विरोधात; तर १८८८ मध्ये निघालेले ‘नर्सिंग रेकॉर्ड’ (१९०२ पासून ‘ब्रिटिश जर्नल ऑफ नर्सिंग’) तिचे कैवारी. वर्गणी भरणे म्हणजे एका परीने पक्ष घेणेच होते. १८९३ पासून या दुसऱ्या पत्राच्या संपादिका असलेल्या एथेल बेडफर्ड फेनविक यांनी परिचर्येचे पहिले धडे १८७८ मध्ये नॉटिंगहॅमच्या बालरुग्णालयातच गिरविले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९१९ च्या कायद्याने नोंदणी आली. नोंदपुस्तकातील पहिले नाव फेनविकबाईंचे. बालपरिचारिकांची नावे मात्र, पुरुष परिचारक व मनोरुग्णांच्या परिचारिका यांच्याप्रमाणेच, पुरवणी भागात घातली गेली. अमेरिकेत ‘पीडियाट्रिक नर्सिंग’ हे खास बालपरिचर्येला वाहिलेले पत्र निघाले, ते १९७५ मध्ये.