हात सुटला आणि चित्र हललं

हातातला कॅमेरा हलतो, ही तक्रार करायची वेळ दादासाहेब फाळक्यांवर आलीच नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या या गृहस्थाने १९१२ साली विलायतेहून आणलेला विल्यमसन कॅमेरा हातात धरून चालणाराच नव्हता. बाजूचा दांडा एका लयीत फिरवायचा, सेकंदाला साधारण दोन फेरे, तेव्हा कुठे सोळा चित्रं उमटायची. एक हात असा गुंतल्यावर कॅमेऱ्याला तीन पाय हवेतच. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी मटाराच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली. त्या दिवसांत कॅमेरा बोटभर जरी सरकला असता, तरी पडद्यावर रोपाने उड्या मारल्या असत्या.

दांडा गेला, हात मोकळा झाला आणि थरथर सुरू झाली. पोलंडच्या प्रोशिन्स्कीने १९१० च्या सुमारास दाबलेल्या हवेवर चालणारा एरोस्कोप कॅमेरा काढला आणि थरथर आवरायला त्यातच गरगर फिरणारा जायरोस्कोप बसवला. दुखणं आणि औषध एकाच पेटीत!

खरी उडी मारली ती अमेरिकेच्या गॅरेट ब्राऊनने, १९७० च्या दशकात. चालता चालता कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या त्याच्या स्टेडिकॅमचं इंगित डोंबाऱ्याच्या आडव्या काठीत आहे. वजन मध्यापासून लांब नेलं की वस्तू चटकन कलंडत नाही. म्हणून दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला मॉनिटर नि बॅटरी, आणि तोल साधतो तिथे सांधा. स्प्रिंगचा हात पावलांचे धक्के गिळतो.

लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे मात्र आधी खांद्यावरचा जडशीळ व्हीएचएस कॅमेरा होता. वजनामुळेच तो बरा राहायचा. हॅंडीकॅम आला, तळहातात मावला आणि वरातीचं चित्र नाचऱ्यांपेक्षा जास्त नाचू लागलं. आता मोटरवाला गिंबल ते सावरतो; माझ्या मते जरा जास्तच. वरातीत थोडा धक्का शोभतो.

आणि गिंबलही हाताशी नसेल तर? सिंहस्थात रामकुंडावरच्या गर्दीत ट्रायपॉड मांडायला जागा कुठली? तिथे सुतळी न्या. कॅमेऱ्याच्या बुडाला पाव इंची स्क्रू लावून त्याला ती बांधा, दुसरं टोक बुटाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताठ धरा. कोपरं बरगडीला, झूम बंद. वरखाली थरथर बरीच कमी होते. आडवं डोलणं मात्र तुमचं तुम्हालाच आवरावं लागेल.