‘कल्पनाशक्तीचे अपयश’ या शब्दप्रयोगाविषयी

अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २२ जुलै २००४ रोजी आपला अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी दस्तऐवज असूनही तो त्या वर्षी नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होता, आणि गद्य म्हणून त्याची ती योग्यता आहेही. त्यात चार प्रकारची अपयशे सांगितली असली, तरी चर्चेत राहिले ते एकच : कल्पनाशक्तीचे अपयश. हा शब्द आपल्या, म्हणजे साहित्याच्या, घरचा. म्हणूनच तो पारखून घ्यावा असे आम्हांस वाटते.

६ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यापुढे दीडेक पानाचे टिपण ठेवण्यात आले. बिन लादेनने अमेरिकेतच हल्ला करण्याचा निर्धार केला आहे, असे त्याचे शीर्षकच सांगत होते. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलीझा राईस यांनी ८ एप्रिल २००४ च्या साक्षीत त्यातील माहिती ऐतिहासिक स्वरूपाची असल्याचे सांगितले. दोनच दिवसांनी टिपण खुले झाले आणि विमान-अपहरणाच्या तयारीशी जुळणाऱ्या हालचालींचा त्यातील उल्लेख सर्वांनी वाचला. घटनेनंतर वाचणाऱ्याला प्रत्येक ओळ सूचक भासते, हे खरे. टिपणात दिवस दिलेला नव्हता. येथवर राईस यांची बाजू समजू शकते.

परंतु नवाफ अल-हाझमी आणि खालिद अल-मिहधार यांच्या बाबतीत कल्पनेचा संबंध काय? मिहधारजवळ अमेरिकेचा व्हिसा असल्याचे सीआयएला जानेवारी २००० मध्येच कळले होते. हाझमी लॉस एंजेलिसला गेल्याचे मार्चमध्ये. दोघे सॅन डिएगोत खऱ्या नावांनी राहिले. हाझमीचे नाव तर तेथील टेलिफोन डिरेक्टरीत होते. संशयितांच्या यादीत त्यांची नावे चढली ती ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. पेंटॅगॉनवर आदळलेल्या विमानात हे दोघे होते. येथे प्रतिभेची गरज नव्हती. एका कचेरीतला कागद दुसऱ्या कचेरीत पोहोचायला हवा होता.

आयोगाने यातले काही दडवले नाही. मात्र व्यक्तींवर दोष ठेवणे हा आपला हेतू नव्हे, असे त्याने प्रारंभीच म्हटले. पाच रिपब्लिकन आणि पाच डेमोक्रॅट सदस्यांचे एकमत साधायचे, तर कर्त्याचा पत्ता न देणारे भाववाचक नामच सोयीचे.

त्याआधी, २४ मार्च २००४ रोजी, दहशतवादविरोधी यंत्रणेचे माजी समन्वयक रिचर्ड क्लार्क यांनी याच आयोगापुढे सरकार चुकले, मीही चुकलो, असे सांगून क्षमा मागितली होती. त्यांचे पुस्तक नुकतेच बाहेर आले होते, त्यामुळे हेतूविषयी शंका घेतल्या गेल्या. त्या अगदीच निराधार म्हणवत नाहीत. पण त्या वाक्याला कर्ता होता, आणि ज्यांच्या चिकाटीमुळे २००२ मध्ये सरकारला आयोग मान्य करावा लागला, ते मृतांचे नातेवाईक त्या सभागृहात बसले होते.