छत्तिसावी खोली

१९७८ साली हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीनं ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ नावाचा पिक्चर काढला. नावाचा अर्थ सरळ आहे, शाओलिन मठातली छत्तिसावी खोली. ही कंपनी त्या काळात मारामारीचे पिक्चर सुगीतल्या पेंढ्यांसारखे भराभर बांधून टाकत होती. त्यातले बरेच लोक विसरून गेले. हा मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही बघितला जातो. का, हे मला तालमीच्या वाटेनं उमगलं, म्हणून ते त्याच वाटेनं सांगतो.

आधी गोष्ट. चीनवर मांचूंचं राज्य आहे. एका शाळकरी पोराचे गुरुजी बंडात सामील असतात. मांचूंचा सरदार ते बंड चिरडतो, पोराच्या घरच्यांना आणि सोबत्यांना मारतो. जखमी पोरगा मठाकडं निघालेल्या भाजीच्या गाडीत लपून शाओलिनला पोचतो. त्याला लढायला शिकायचं असतं. पण मठवाले त्याला वर्षभर नुसतं झाडायला लावतात. पुढं त्याचं नाव पडतं सान ते.

मठात शिकायच्या पस्तीस खोल्या. हा पठ्ठ्या पहिल्याच दिवशी सगळ्यात वरची खोली मागतो, आणि तिथून बाहेर फेकला जातो. मग पहिलीपासून सुरुवात. पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडांवर पाय ठेवून पलीकडं जायचं, तरच जेवण. दोन्ही हात आडवे ताठ धरून पाण्याच्या बादल्या चढावर न्यायच्या, आणि दंडाला सुऱ्या बांधलेल्या, हात खाली आला की बरगडीत टोचणार. लांब बांबूच्या टोकाला वजन बांधून मनगटाच्या जोरावर घंटा वाजवायची. टांगलेल्या वाळूच्या पिशव्यांना डोक्यानं धडका देत पुढं सरकायचं. पिक्चरचा मधला मोठा भाग हा असा. त्यात कुणी शत्रू नाही. पोरगा आहे, काम आहे आणि वर्षं जातायत.

आमच्याकडं हा पिक्चर आला तो १९८०च्या दशकात, व्हिडिओवर. गणपतीत वर्गणी काढून तालुक्याहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, चावडीपुढं मांडायचा आणि एका रात्रीत तीन पिक्चर संपवायचे, अशी पद्धत होती. कॅसेट इंग्रजीत होती. ते बोलणं कुणाच्या बापाला कळत नव्हतं. पण बादल्यांचा प्रसंग आला आणि मागं घोंगडी पांघरून बसलेले आमचे वस्ताद म्हणाले, “ह्येंचा वस्ताद शाणा हाय. पोराला आधी पाणी वढाया लावलंय.”

सगळे हसले, कारण आमचंही तेच झालेलं. तालमीत नवं पोर आलं की त्याला कुणी डाव शिकवत नसे. विहिरीचं पाणी आणायचं, हौद्यातली लाल माती खोऱ्यानं वर-खाली करायची, तिच्यात तेल-ताक-हळद मुरवायची, थोरल्या पैलवानांचं अंग रगडायचं. मग जोर, मग बैठका. महिने गेल्यावर कधीतरी वस्ताद मानेला हात घालून म्हणायचे, “ये, धर आता.” तोवर कंबर आणि मनगट आपोआप तयार झालेलं असायचं. पडद्यावरचं परक्या मुलखातलं पोरगं म्हणूनच आम्हाला ओळखीचं वाटलं. उड्या मारणारे नट खूप बघितले होते. घाम गाळून शिकणारा हा पहिलाच.

हे इतकं खरं उतरलं त्याला कारण आहे. दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग हा स्वतः वस्तादाच्या घरातला. त्याचा बाप लाउ चाम. बापाचे गुरू लाम साय-विंग. आणि त्यांचे गुरू कँटनकडचे नामांकित वाँग फेई-हुंग. सान ते झालेला गॉर्डन ल्यू हा लाउ चामच्याच तालमीतला. म्हणजे पडद्यावर शिकवणारे आणि शिकणारे एकाच घराण्याचे. जे अंगावर निघालेलं होतं, तेच कॅमेऱ्यापुढं मांडलं.

इतिहास म्हणून बघायला गेलं तर गोष्टीत दंतकथाच जास्त. शाओलिन मठ खरा आहे. तो हेनान प्रांतात आहे आणि पाचव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झाला. पण मांचूंनी मठ जाळला आणि वाचलेल्यांनी दक्षिणेत विद्या पसरवली, ही कथा वाढली ती दक्षिण चीनमधल्या गुप्त मंडळ्यांत आणि आखाड्यांत. मठाला मोठी आग लागल्याची पक्की नोंद आहे ती १९२८ची, आणि ती लावली एका चिनी लष्करी सरदारानं. तरी दंतकथेतही एक खरा प्रश्न असतो. या पिक्चरमध्ये तो शेवटाकडं येतो.

सान ते पस्तीस खोल्या पार करतो. वरिष्ठ भिक्षूकडून पुन्हा पुन्हा हरून, बांबूच्या बनात तीन तुकड्यांची साखळी-काठी शोधतो आणि जिंकतो. त्याला विचारतात, कुठली खोली सांभाळतोस? तो म्हणतो, मला नवी खोली काढायची आहे. छत्तिसावी. मठाबाहेरच्या साध्या माणसांना शिकवायला.

आमच्याकडं म्हण आहे, वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. चेला उलटला तर कामी यावा म्हणून. आमच्या वस्तादांनीही एक राखला होता. समोरचा पाठीवर आला की खालून गुडघा असा काही फिरवायचे की तो उताणा. कितीदा विचारलं, नुसते हसायचे. ते गेले आणि डावही गेला. त्यांचे चार चेले जमून आम्ही तो मातीत जुळवून बघितला. पाय कुठं जायचा ते आठवतं, जोर कुठून यायचा ते कुणालाच सांगता येत नाही. वस्तादांवर राग नाही. राखायची रीतच होती. पण त्या रीतीची किंमत काय, ते आम्हाला कळलं.

आता लाम साय-विंगचं बघा. धंद्यानं खाटीक. विद्या घराण्याची, म्हणजे पोटाची. तरी त्यानं चेल्यांना हाताशी धरून आपल्या घराण्याचे हात पुस्तकांत छापवून घेतले. ज्याला वाचता येईल त्याला ते खुले. त्याच्या चेल्याच्या मुलानं पुढं तेच पडद्यावर आणलं. मग १९९३ साली न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पोरांच्या वू-टँग क्लॅन या गाणाऱ्या टोळीनं आपल्या पहिल्याच अल्बमच्या नावात ‘थर्टी-सिक्स चेंबर्स’ घातलं. त्यांना मांचूंचं काय पडलं होतं? पण बंद दार, झाडलोट आणि शेवटी आपल्यासारख्यांसाठी उघडलेली खोली, एवढं त्यांनाही कळलं.

आमच्या तालमीला आता बहुतेक दिवस कुलूप असतं. माती कडक झाली आहे. दिवाळीत पोरं येतात, मोबाइलवर तोच पिक्चर लावतात, बादल्यांचा प्रसंग पुन्हा पुन्हा बघतात. परवा त्यातल्या एकानं मला विचारलं, “काका, तुम्हाला येतंय तेवढं तरी दावा की.” जे येतं ते दाखवतो. ढाक, लपेट, कलाजंग. त्यातलं काही राखून ठेवलेलं नाही. पण आधी खोरं देतो हातात. माती मऊ झाल्याशिवाय पुढचं नाही.