मोटारीची ठिणगी

पावसाळ्यांतल्या सकाळीं जुनी मोटार सुरू करण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना माझ्या विषयाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. किल्ली फिरवावी, इंजिनानें चारदोन वेळां कण्हावें आणि गप्प बसावें. मग बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरचें काळें झांकण काढावें, आंतल्या दोन इवल्याशा धातूच्या टिकल्या पॉलिश-कागदानें घासाव्या, फुंकर मारावी आणि देवाचें नांव घेऊन पुन्हां किल्ली फिरवावी. या टिकल्यांना गराजांतले मिस्त्री ‘पॉइंट’ म्हणतात. माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली जुनी फियाट आहे. तिचे पॉइंट काढून त्यांच्या जागीं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावें कीं नाहीं, या प्रश्नावरून त्या घरांत बापलेकांची गेले सहा महिने खडाजंगी चालली आहे. शेवटीं निवाडा करण्याकरितां मला बोलावण्यांत आलें. न्यायाधीशानें निकालापूर्वीं कागदपत्रें वाचावीं, तसा मीं या ठिणगीचा इतिहास वाचला. तो त्या दोघांच्या भांडणाहून अधिक रसाळ निघाला, म्हणून आज आपल्यापुढें मांडीत आहें.

इंजिनाच्या सिलिंडरांत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण दाबणें ही गोष्ट तितकी अवघड नाहीं. तें मिश्रण नेमक्या क्षणीं पेटविणें हेंच कठीण. १८६० सालीं पॅरिसमध्यें लन्वारनें आपलें कोळशाच्या वायूवर चालणारें इंजिन विजेच्या ठिणगीनें पेटविलें होतें. तरी पुढें डाइम्लरसारख्या निष्णात कारागिरानें विजेवर विश्वास न टाकतां ज्योतीनें लाल केलेली नळी पत्करली. कार्ल बेन्झनें मात्र १८८६ च्या आपल्या तीन चाकी गाडींत बॅटरी आणि कॉइल वापरली. दोन वर्षांनीं त्याची पत्नी बर्टा पतीला न सांगतां दोन मुलांना घेऊन त्या गाडींतून मानहाइमहून फॉर्झहाइमला गेली. वाटेंत ठिणगीच्या तारेवरचें वेष्टन झिजलें, तेव्हां तिनें आपल्या पायमोज्याचा बंद सोडून तो तारेभोंवतीं गुंडाळला, असें सांगतात. ठिणगीची रस्त्यावरची दुरुस्ती ही परंपरा इतकी जुनी आहे!

त्यानंतर श्टुटगार्टच्या बॉश यांच्या कारखान्यांत मॅग्नेटो पुष्कळ सुधारला, आणि १९०२ मध्यें होनोल्ड या तेथील इंजिनिअरानें उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. यंत्र उत्तम होतें, पण महाग. शिवाय इंजिन सावकाश फिरत असतां त्याची ठिणगी दुबळी पडे.

यापुढची कथा अमेरिकेंतील ओहायो प्रांतांतल्या डेटन गांवची आहे. चार्ल्स केटरिंग हा रोकड मोजण्याचीं यंत्रें करणाऱ्या एका कंपनींत नोकरीला होता. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागील कोठारांत तो आणि त्याचे सोबती फावल्या वेळीं खटपट करीत. तेथें तयार झालेली त्याची प्रज्वलनपद्धति १९१० च्या कॅडिलॅक मोटारींवर बसली. या मंडळींनीं स्थापन केलेल्या कंपनीच्या आद्याक्षरांवरून ‘डेल्को’ हें नांव पडलें, आणि तें इतकें रुळलें कीं स्पॅनिश भाषेंत डिस्ट्रिब्यूटरला आजही देल्को असेंच म्हणतात.

केटरिंगच्या युक्तीचें मर्म थोडक्यांत सांगतों. कॉइलमध्यें लोखंडी गाभ्याभोंवतीं दोन वेटोळीं असतात. एक जाड तारेचें, थोड्या फेऱ्यांचें, आणि दुसरें केंसासारख्या बारीक तारेचें, हजारों फेऱ्यांचें. जाड तारेंतून बॅटरीचा प्रवाह वाहूं द्यावा आणि तो एकाएकीं तोडावा. त्याबरोबर गाभ्यांतलें चुंबकत्व कोसळतें आणि बारीक तारेंत पंधरावीस हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. ध्यानांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, ठिणगी पडते ती प्रवाह जोडल्यानें नव्हे, तोडल्यानें. हें तोडण्याचें काम आपल्या त्या दोन टिकल्या करतात. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा फिरतो, त्यावरचा उंचवटा फायबरच्या ठोकळ्याला ढकलतो आणि पॉइंट उघडतात. शेजारचा कंडेन्सर टिकल्यांमध्यें जाळ होऊं देत नाहीं.

युक्ति सोपी, स्वस्त आणि कोणालाही डोळ्यांनीं दिसणारी. पण त्या बिचाऱ्या टिकल्यांच्या कष्टांचा हिशेब कोणी केला आहे काय? चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळां उघडतात आणि शंभर वेळां मिटतात. आठ सिलिंडरांच्या इंजिनाला सहा हजार फेऱ्यांवर हाच आंकडा चारशेंवर जातो. मग स्प्रिंगला दम धरवत नाहीं आणि टिकल्या मिटल्या मिटल्या उसळूं लागतात. प्रत्येक वेळीं तीनचार अँपिअरचा प्रवाह तोडावयाचा. एका टिकलीवर खड्डा पडतो, दुसरीवर उंचवटा चढतो. फायबरचा ठोकळा झिजतो, त्यामुळें पंधरा ते वीस सहस्रांश इंचांची जी फट राखावयाची ती कमी होत जाते आणि ठिणगी उशिरां पडूं लागते. गाडी जड चालते, पेट्रोल अधिक खाते. पण बंद पडत नाहीं. हा ऱ्हास इतका संथ असतो कीं मालकाला तो समजतच नाहीं. मुंबईंतल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांना मात्र तो आवाजावरून समजे. व्हिजिटिंग कार्ड मध्यें सरकवून फट बेतणारे कसबी लोक आम्हीं पाहिले आहेत. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या आणि तें कसबही बहुधा त्यांच्याबरोबर गेलें.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत लागला. धातूला धातू न लावतां प्रवाह तोडणारी कळ आतां हातीं आली होती. १९६३ मध्यें पाँटिॲकच्या कांहीं मोटारींवर पॉइंट नसलेलें इग्निशन जादा पैसे भरून मिळूं लागलें. त्याच दशकाच्या उत्तरार्धांत फियाटनेंच आपल्या डिनो या वेगवान मोटारीवर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविलें. १९७१ सालीं जॅग्वारच्या बारा सिलिंडरांच्या इंजिनावर लुकासचें ‘ओपस’ आलें, पण त्याचा ॲम्प्लिफायर इंजिनाच्या माथ्यावरच्या खोबणींत बसविलेला असल्यानें उष्णतेनें बेजार होई. सामान्य ग्राहक या नवलाईकडे पाहून पुढें जात असे. चारसहा रुपड्यांचे पॉइंट मिळत असतां एवढा खर्च कोण करणार?

पॉइंटांचा निकाल लावला तो इंजिनिअरांनीं नव्हे, कायद्यानें. १९७० मध्यें अमेरिकेनें हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा केला. नवी मोटार कारखान्यांतून निघतांना स्वच्छ असून भागणार नव्हतें. पन्नास हजार मैलांपर्यंत तिनें स्वच्छ राहावें, अशी अट होती. पॉइंट तर कांहीं हजार मैलांतच बिघडूं लागतात! एक ठिणगी चुकली कीं न जळलेलें पेट्रोल धुराड्यांतून बाहेर पडतें. आणि १९७५ च्या सुमारास मोटारींना लागलेल्या उत्प्रेरक-पेटींत तें जाऊन पेटलें, तर ती महागडी पेटीच जळून जाते. क्रायस्लरनें १९७३ पर्यंत आपल्या सर्व अमेरिकन मोटारींवरून पॉइंट काढले. जनरल मोटर्सनें १९७५ सालीं तेंच केलें, आणि त्याकरितां लागणारें यंत्र पुरविलें तें डेल्कोच्याच वारसदारांनीं.

येथें एक विलक्षण योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पेट्रोलमध्यें शिशाचा अंश मिसळण्याची कल्पना १९२१ मध्यें निघाली, ती केटरिंगच्याच हाताखालीं काम करणाऱ्या मिजलीच्या प्रयोगांतून. आणि तें पेट्रोल १९२३ सालीं प्रथम विकलें गेलें तें डेटन गांवांतच. शिशानें उत्प्रेरक-पेटी निकामी होते. म्हणजे एकाच कायद्यानें एकाच माणसाचीं दोन अपत्यें हद्दपार केलीं. केटरिंग १९५८ मध्यें वारला. त्याला हें पाहावें लागलें नाहीं. पण दोन्हीं अपत्यांना एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल. शिशानें पिढ्यानुपिढ्यांच्या रक्तांत विष कालविलें, आणि आपल्या देशांतून तें हटण्यास २००० साल उजाडलें. पॉइंटांचा अपराध फार तर आळसाचा. शिवाय कॉइलची मूळ युक्ति कोणी रद्द केलीच नाहीं; बदलली ती केवळ प्रवाह तोडणारी कळ.

आतां त्या फियाटकडे वळूं. जुन्या डिस्ट्रिब्यूटरच्या आंत मावणारें जें छोटें यंत्र हल्लीं मिळतें, तें बहुधा एडविन हॉलच्या १८७९ मधील शोधावर चालतें. बाल्टिमोर येथें सोन्याच्या पातळ वर्खांतून वीज सोडून त्यानें तिच्यावर चुंबकाचा परिणाम मोजला होता. दांड्यावर चुंबकांचें कडें बसवावयाचें. चुंबक समोरून गेला कीं हॉलच्या परिणामानें ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. कांहीं घांसत नाहीं, म्हणून कांहीं झिजत नाहीं. झांकण, तारा, सर्व जुनेंच राहतें. कोठें भोंक पाडावें लागत नाहीं. चिरंजीवांचा पक्ष हा.

वडिलांचा पक्षही पोकळ नव्हता. ते म्हणाले, “पॉइंट मरतांना आधीं खोकतात. बोरघाटांत भर पावसांत मीं स्क्रू-ड्रायव्हर आणि रुमाल यांवर गाडी चालू केली आहे. तुमचें हें यंत्र मेलें, तर रुमालानें काय पुसूं?” या प्रश्नाला खरोखर उत्तर नाहीं. इंजिन बंद असतां किल्ली चालू राहिली तर यांतलीं कांहीं यंत्रें जळतात. बॅटरीच्या तारा उलट जोडल्या तर क्षणांत कामांतून जातात. आणि कॉइल जुळती नसली तरी तेंच. पूर्वीं बिघाड हळूहळू येई आणि मालकाला बोलावी. आतां तो क्वचित् येतो, पण मिस्त्रीलाही दाद देत नाहीं.

मीं निकाल चिरंजीवांच्या बाजूनें दिला, कारण ती गाडी आतां घाटांत नव्हे, शाळेच्या दारांतून जाते, आणि तिचा धूर दुसऱ्यांचीं मुलें घेतात. मात्र अट अशी घातली कीं काढलेले पॉइंट, त्यांची पट्टी आणि कंडेन्सर एका पत्र्याच्या डब्यांत सांभाळावा. अर्ध्या तासांत सर्व पूर्ववत् बसवितां येतें. गेल्या आठवड्यांत यंत्र बसलें. तो डबा गाडींत ठेवावा कीं घरच्या कपाटांत, यावरून दुसरा वाद सुरू झाल्याचें कालच कळलें.