अमक्याची बायको, तमक्याची आई

भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा अहवाल लिहिला. त्यात एक आकडा आहे. देशात त्या वेळी सुमारे आठ कोटी स्त्री-मतदार होत्या आणि त्यांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांच्या नोंदी यादीतून काढून टाकाव्या लागल्या. या स्त्रिया परदेशी नव्हत्या, अज्ञान नव्हत्या, वेड्याही नव्हत्या. त्यांनी आपले नाव सांगितले नव्हते, एवढेच. यादी करणारा दारात आला तेव्हा परक्या पुरुषापुढे नाव उच्चारायचे कसे म्हणून त्या गप्प राहिल्या, किंवा घरच्या पुरुषांनीच ते सांगितले नाही. मग वहीत नोंद झाली ती 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी. सेन यांनी अशा नोंदी मानायला नकार दिला. नावे दुरुस्त करून घेण्यासाठी बिहारसारख्या ठिकाणी मुदतही वाढवून दिली. तरीही २८ लाख उरल्याच. त्यांतल्या बहुसंख्य बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या होत्या.

ही हकीकत मागासलेपणाचा एक गमतीदार नमुना म्हणून सांगितली जाते. ऐकणारे हसतात. पण त्या बायांना हसण्यापूर्वी, त्यांना 'अमक्याची बायको' म्हणून वहीत लिहिण्याची सवय कोणी लावली होती, हे पाहिले पाहिजे. ती सवय सरकारचीच होती.

१९१९ च्या कायद्याने मताचा हक्क मालमत्तेशी बांधला होता. जमिनीचा सारा, घरभाडे, प्राप्तिकर यांच्या मोजपट्टीत जो बसेल तो मतदार. मुंबई प्रांतात १९२१ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, पण मालमत्तेची अट तीच राहिली. स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या स्त्रिया होत्या तरी किती! १९३५ च्या कायद्याने दार थोडे अधिक उघडले. स्त्रीला स्वतःच्या साक्षरतेवर मत मिळू शकत होते, आणि मालमत्ताधारक मतदाराची बायको किंवा विधवा म्हणूनही. म्हणजे पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत 'अमक्याची बायको' असणे हीच कायदेशीर पात्रता होती! काही प्रांतांत तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागे. एवढे सगळे करूनही ब्रिटिश हिंदुस्थानात लोकसंख्येच्या दहा-बारा टक्क्यांच्या आसपासच माणसे मतदार झाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या संस्थानात असल्याने तिथे हा कायदा लागूच नव्हता.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. १९०९ पासून मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे होते आणि याद्याही वेगळ्या होत्या. नाव लिहिण्यापूर्वी धर्म पाहिला जाई. त्या व्यवस्थेबद्दल बरेच लिहिले गेले आहे. ती कोणी मागितली, कोणाच्या सोयीची होती, हे वाद संपणारे नाहीत. त्या वेगळ्या यादीतसुद्धा मोहल्ल्यातला विणकर, तांबोळी, पिंजारी किंवा खलाशी सहसा नव्हता, हे मात्र वादात फारसे कोणी सांगत नाही. जमीनदार, व्यापारी, वकील यांची ती यादी होती.

राज्यघटनेच्या ३२५ व्या कलमाने हे सारे मोडीत काढले. प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी, आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यांमुळे कोणी त्या यादीबाहेर राहणार नाही. पुढच्याच ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. घटना तयार होण्याआधीच या यादीचे काम सुरू झाले होते. १९४८ च्या मार्चमध्ये संविधान सभेच्या सचिवालयाने प्रांतांना आणि संस्थानांना पत्रे पाठवली. १ जानेवारी १९४९ रोजी वयाची २१ वर्षे पूर्ण, आणि ३१ मार्च १९४८ ला संपणाऱ्या वर्षात किमान १८० दिवसांचे वास्तव्य, ही अट होती. फाळणीने उखडलेल्या निर्वासितांचे १८० दिवस कुठून भरणार? तेव्हा असे ठरले की, 'मी इथेच कायम राहणार आहे' असे निर्वासिताने नुसते निवेदन केले तरी त्याचे नाव घ्यावे.

या तपशिलापाशी मी नेहमी थबकतो. देशात कत्तली होऊन गेल्या होत्या, कोण कुठला याबद्दल संशयाला काही सुमार नव्हता, आणि त्याच वेळी राज्यकारभार चालवणारी माणसे कागदाऐवजी माणसाच्या शब्दावर नाव लिहा म्हणत होती. यादी करायला सरकार घरोघर गेले. नाव सिद्ध करण्याचा भार माणसावर टाकला नव्हता. १७ कोटी ३२ लाख मतदारांची, त्यांतल्या बहुसंख्य निरक्षरांची यादी अशी उभी राहिली. सेन यांची २८ लाखांची कात्री याच यादीवर चालली, म्हणून ती मला अधिक बोचते. पण त्यांची बाजूही खरी आहे. 'रसूलची बायको' म्हणून मत द्यायला कोणीही बाई उभी राहू शकते. आणि उद्या रसूल वारला की ती कोण? नाव लावल्याशिवाय हक्क तिचा होत नाही. पुढच्या म्हणजे १९५७ च्या निवडणुकीपर्यंत यातल्या बऱ्याच स्त्रिया स्वतःच्या नावाने यादीत आल्या.

आपल्याकडची अडचण जरा निराळी. नवऱ्याचे नाव न घेण्याची रीत मराठी मुलखात सर्वांचीच. आपल्या घरातही 'सलीम के बावा' म्हणून हाक मारणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. पण महाराष्ट्रातली सरकारी पद्धत आडनाव, स्वतःचे नाव, बाप किंवा नवऱ्याचे नाव अशी तीन खणांची. शेख, सय्यद, पठाण कधी आधी येतो, कधी मागे. 'अब्दुल रहमान' या एका नावाचे तुकडे करून रहमानला बाप बनवले जाते. महंमद, मोहंमद, मुहम्मद हे तीन कागदांवर तीन माणसे होतात. आणि स्त्रीचे तर शाळेच्या दाखल्यात खातून, निकाहनाम्यात बी, रेशनकार्डावर बेगम! घरात कोणाला यात काही गैर वाटत नाही. तपासणारा बसला की वाटू लागते.

असा तपास मुंबईत झाला. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत आणि दिल्लीत काही वस्त्यांमधल्या मतदारांना नोटिसा आल्या, की तुम्ही परदेशी असल्याचा संशय आहे, नागरिकत्व सिद्ध करा. चौकशीला पोलीस होते. पुरावा म्हणून जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र अशा मोजक्याच कागदांची मागणी होती, आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याकडे नेमके तेच नसतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'लाल बाबू हुसेन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल सरन्यायाधीश ए. एम. अहमदी यांच्या खंडपीठाने ६ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. ज्याचे नाव आधीच्या यादीत आहे, त्याची छाननी तेव्हा झालेलीच आहे असे मानून चालले पाहिजे. संशय असेल तर त्याचे कारण आणि आधार त्या माणसाला कळवा, त्याचे ऐका, तो देईल तो पुरावा विचारात घ्या. ठरावीक कागदच हवेत असा हट्ट चालणार नाही. आपल्या मोहल्ल्यांत हा निकाल जितका माहीत असायला हवा तितका नाही.

त्याच काळात, १९९३ साली, टी. एन. शेषन यांनी छायाचित्राच्या ओळखपत्राचा आग्रह धरला. बोगस मतदानाला त्याने आळा बसला हे मान्य. पण एक गैरसमज तेव्हापासून घट्ट बसला आहे, की कार्ड आहे म्हणजे मत आहे. कायदा तसे म्हणत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६२ वे कलम यादीतल्या नावाबद्दल बोलते. कार्ड नसेल तर आयोगाने मान्य केलेली दुसरी ओळखपत्रे चालतात. नाव नसेल तर कार्डाचा उपयोग नाही. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर प्रदत्त मतपत्रिका मागता येते. बुरख्याचा प्रश्नही इथलाच. छायाचित्रात चेहरा दिसू नये अशी मागणी मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली फेटाळली. माझ्या मते योग्य केले. मात्र चेहरा पाहायला स्त्री-कर्मचारी हवी, आणि तशी नेमणूक करण्याची तरतूद १९६१ च्या नियमांतच आहे. ती मागून घेतली पाहिजे.

नाव कुठे लागते? १९५० च्या कायद्याप्रमाणे माणूस 'सामान्यतः' जिथे राहतो तिथे. गावात घर आहे एवढ्याने भागत नाही, आणि तात्पुरते बाहेर गेल्याने हक्क जातही नाही. वाक्य साधे आहे, पण १९९२-९३ च्या दंगलींनंतर जी कुटुंबे मुंबईतल्या आपल्या चाळी सोडून मुंब्र्याला गेली, त्यांना विचारा. जुन्या पत्त्यावर 'आढळले नाहीत', नव्या पत्त्याचा कागद नाही. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांची कथा वेगळी. निम्मे घर आखातात. त्यांच्यासाठी २०१० साली कायद्यात दुरुस्ती झाली. पासपोर्टवरच्या पत्त्यावर, नमुना ६-अ भरून, नाव नोंदवता येते. मत द्यायला मात्र स्वतः यावे लागते, आणि विमानाचे भाडे आयोग देत नाही.

१९४८ ची दिशा किती बदलली आहे ते बिहारमध्ये दिसले. २०२५ च्या जूनमध्ये तिथे सखोल पुनरीक्षण सुरू झाले. २००३ च्या यादीत ज्याचे नाव नाही त्याने कागद द्यायचा. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याने आई किंवा बापाचाही, आणि २ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याने दोघांचाही. १ ऑगस्टच्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली. मृत, स्थलांतरित, दुबार अशी कारणे सांगितली गेली, पण कोणते नाव कोणत्या कारणाने गेले हे आधी जाहीर केले नव्हते. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती नावे कारणांसह प्रसिद्ध करायला लावली. ८ सप्टेंबरला ओळखीचा पुरावा म्हणून आधार स्वीकारायला सांगितले. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख नावे होती. जूनमध्ये ती ७ कोटी ८९ लाख होती.

हे बिहार तेच, जिथे नाव न सांगणाऱ्या स्त्रियांसाठी सेन यांनी मुदत वाढवली होती. त्यांच्या नाती-पणती आपले नाव खणखणीत सांगतात. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीने २००३ च्या यादीतले बापाचे नाव शोधायला कोणत्या जिल्ह्यात जायचे, आणि तिथे 'खातून' लिहिले असेल नि इथे 'बेगम', तर कोणत्या खिडकीवर उभे राहायचे?