मोटारसायकलची बॅटरी

मोटारसायकलची बॅटरी ही दुचाकी वाहनात विद्युत ऊर्जा साठवणारी व पुन्हा प्रभारित करता येणारी घटमाला होय. सेल्फ-स्टार्टर, दिवे, हॉर्न आणि इंधन अंतःक्षेपण प्रणाली यांना ती वीज पुरवते. तिच्यातील विद्युतभार संपल्यास बोलीभाषेत 'बॅटरी उतरली' असे म्हणतात. उतरलेली बॅटरी वेळीच चार्ज केल्यास बहुधा पूर्ववत होते. मात्र त्याच अवस्थेत ती अनेक आठवडे पडून राहिल्यास कायमची निकामी होऊ शकते.

रचना व कार्य

भारतातील बहुतांश मोटारसायकलींत १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. या प्रकारच्या घटाचा शोध फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला. बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक घटात शिसे व लेड डायऑक्साइड यांच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज वापरली जाताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते व आम्ल पातळ होते. प्रभारणात ही क्रिया उलट होते. बॅटरी दीर्घकाळ उतरलेली राहिल्यास सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि चार्ज करूनही विरघळत नाहीत. या दोषास सल्फेशन म्हणतात.

पाणी भरावी लागणारी आणि झडप-नियंत्रित बंद, म्हणजे 'मेंटेनन्स-फ्री', असे तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत.

उतरण्याची कारणे

गाडी दीर्घकाळ बंद राहणे, चावी चालू राहणे, चोरी-सूचक यंत्रासारखी वीज खेचत राहणारी जादा उपकरणे, टर्मिनलवरील गंज आणि चार्जिंग प्रणालीतील बिघाड ही मुख्य कारणे होत. वारंवार सेल्फ मारून थोडेच अंतर गाडी चालवल्यास खर्च झालेली वीज भरून निघत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असताना कायम पेटलेला राहतो, त्यामुळे विजेचा वापरही वाढला आहे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन अंतःक्षेपणाने घेतली. त्यातील इंधनपंप विजेवर चालतो. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरल्यास अशी गाडी अनेकदा ढकलूनही सुरू होत नाही.

तपासणी व पुनर्प्रभारण

काही तास विसावलेल्या पूर्ण प्रभारित बॅटरीचे व्होल्टेज १२.६ ते १२.८ असते. ते १२.० च्या खाली गेल्यास बॅटरी जवळजवळ उतरलेली समजावी. इंजिन मध्यम वेगात असताना टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले नाहीत, तर दोष चार्जिंग प्रणालीत असण्याची शक्यता असते.

बॅटरी काढताना आधी ऋण व मग धन टर्मिनल सोडवतात. बसवताना क्रम उलट असतो. प्रभारणाचा प्रवाह क्षमतेच्या एक दशांश ठेवणे सुरक्षित मानले जाते, उदा. ५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीस ०.५ ॲम्पिअर. या गतीने पूर्ण उतरलेल्या बॅटरीस दहा तासांहून अधिक वेळ लागतो. मोठ्या वाहनांच्या चार्जरचा जास्त प्रवाह दिल्यास बॅटरी तापते व पट्ट्या खराब होतात. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघू शकतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास स्फोटाचा धोका असतो. म्हणून जागा हवेशीर असावी व जवळ ठिणगी किंवा विडी-सिगारेट नसावी. चार्ज करूनही काही तासांत व्होल्टेज पुन्हा घसरल्यास बॅटरी बदलणे इष्ट ठरते.

निगा

पाणी भरण्याच्या बॅटरीत पातळी वरच्या व खालच्या खुणांच्या दरम्यान ठेवतात. बाष्पीभवनाने व प्रभारणात केवळ पाणी कमी होते, आम्ल नव्हे. म्हणून त्यात फक्त ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घालतात. बंद प्रकारची बॅटरी उघडू नये. टर्मिनलवरील पांढरट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून पेट्रोलियम जेली लावतात. गाडी महिनाभर वापरायची नसल्यास ऋण टर्मिनल सोडवून ठेवावे.

हिंगोली जिल्ह्यातील परिस्थिती

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणे, उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आपोआप उतरणे दुप्पट वेगाने होते. पाणीही लवकर आटते. त्यामुळे येथे उन्हाळ्यात पाण्याची पातळी अधिक वेळा तपासावी लागते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार बॅटरीस हानिकारक असल्याने ते पाणी वापरू नये. गावातून शेतापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांसाठीच वापरली जाणारी गाडी किकने सुरू केल्यास बॅटरीवरील ताण कमी होतो.

विल्हेवाट

शिसे विषारी असून आम्ल त्वचा व डोळ्यांना इजा करते. बॅटरी फोडणे किंवा तिचे आम्ल मातीत, नाल्यात ओतणे घातक आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्चक्रण ही उत्पादकांची जबाबदारी आहे. ग्राहकाने जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलकाकडे परत द्यावी.