प्रेक्षणीय म्हणजे कोणासाठी? अशेरी ते वाढवण



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'पालघर परिसरातील निसर्गरम्य स्थळं'. आता तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्याकडून तुम्हाला धबधब्यांची यादी मिळायची नाही. ती तुमच्या मोबाइलवर आहेच. मी तीनच जागा घेणार आहे आणि एकच प्रश्न विचारणार आहे. या जागांकडे आजवर कोणी आणि कशासाठी पाहिलं?

पहिली जागा अशेरीगड. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मेंढवण खिंडीजवळ, खोडकोना गावाच्या डोक्यावर. दाट झाडी, शेवटी कातळाचा चढ, वर पाण्याची टाकी आणि गुहेत देवी. जाताना वाटेत पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला एक दगड दिसतो. समुद्रावर जगणारी ही माणसं इतक्या आत डोंगरावर कशाला आली? १५३४ साली वसई त्यांच्या हाती आली आणि १५५६ मध्ये त्यांनी अशेरी घेतला. कारण अगदी व्यवहाराचं आहे. जहाजाला लाकूड लागतं, आणि उत्तम साग या डोंगरउतारांवर होता. शिवाय जव्हारकडून किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला गड हवाच. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर हे किनाऱ्यावरचे कोट आणि आतला अशेरी, ही एकच व्यवस्था होती. आपण मात्र बीच वेगळा आणि ट्रेक वेगळा करून टाकला!

ही व्यवस्था मोडली ती चिमाजी अप्पांच्या मोहिमेत. १७३७ ते १७३९ अशी ती चालली. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले, आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई आली. सरदारांची नावं आपल्याला माहीत आहेत. ज्यांनी साग तोडला आणि ओंडके खाली आणले, त्यांची नावं कुठे लिहिलेली सापडत नाहीत.

दुसरी जागा वाघोबा खिंड, पालघर-मनोर रस्त्यावर. पावसाळ्यात इथे धबधब्यासाठी गाड्यांची रांग लागते. वर काळदुर्ग आहे, त्याच्या माथ्यावरचा चौकोनी कातळ लांबूनही ओळखू येतो. पण खिंडीला नाव धबधब्याचं नाही, वाघोबाचं आहे. वारली माणसाला इथे देव आहे, आणि तो ज्याची भीती वाटते त्याच प्राण्याचा.

इथे कांट आठवतो. १७९० च्या ग्रंथात तो म्हणतो की सौंदर्याचा आनंद निःस्वार्थ असतो. त्या वस्तूपासून आपल्याला काही मिळवायचं नसतं. पर्यटकाची नजर साधारण अशी. पोर्तुगिजांची नजर याच्या उलट, सागाचे घनफूट मोजणारी. मग वारल्यांची नजर कुठल्या खान्यात घालायची? तो त्याच रानातून लाकूडफाटा, कंद, मोहाची फुलं आणतो, म्हणजे गरज आहे. आणि तिथेच हातही जोडतो. उपयोग आणि आदर एकाच जागी राहू शकतात, हे कांटच्या चौकटीत नीट बसत नाही. मला वाटतं, चूक वारल्यांची नाही, चौकट अपुरी आहे.

तिसरी जागा वाढवण. चिंचणी-तारापूरच्या उत्तरेला, डहाणू तालुक्यात. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीज बनते. पुढे त्याच्या विस्तारात पोफरण, अक्करपट्टी ही गावं उठली. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये वाढवणच्या मोठ्या बंदराची पायाभरणी झाली. ओहोटीला तिथे खडकाळ पट्टा उघडा पडतो. फिरायला आलेल्याला तो नुसता काळा खडक वाटेल. मच्छीमाराला तिथे मासळी वाढताना दिसते. तो गेली कित्येक वर्षं हेच सांगत विरोध करतो आहे. बंदर हवं की नको, यावर तुमची मतं वेगळी असतील, असू देत. पण बोलण्याआधी त्या खडकाकडे त्याच्या नजरेने एकदा बघायला काय हरकत आहे?

तेव्हा, पालघरला जरूर जा. अशेरी चढा, केळव्याला सुरूच्या सावलीत बसा. फक्त गावातल्या कुणालातरी विचारा, की या दगडाला, या वळणाला तुम्ही काय म्हणता? नाव सांगताना माणूस बहुतेक वेळा त्या जागेचा इतिहासही सांगून जातो.